भर समुद्राला वाली कोण? हाय सीज करार आणि शेजारी देशांच्या मंडळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाय सीज म्हणजे नेमका कुठला समुद्र? किनाऱ्यापासून किती लांब?

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंतचा समुद्र हा पूर्णपणे त्या देशाचा. त्याच्या पुढे 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे 370 किलोमीटरपर्यंत, मासे, तेल, वाळू या सगळ्यावर त्या देशाचा हक्क, पण जहाजं कुणाचीही जाऊ शकतात. त्याच्याही पलीकडे जे पाणी उरतं ते हाय सीज, भर समुद्र, कुणाच्याच मालकीचा नाही. उरतं म्हटल्यावर वाटतं थोडंसं असेल, तर तसं नाही, जगातल्या समुद्राचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग हाच आहे. अरबी समुद्रातसुद्धा आपली हद्द संपते आणि ओमान-येमेनची सुरू होते त्याच्या मधे असा एक मोठा पट्टा आहे.

तळाचा हिशोब वेगळा. पाणी एका कायद्याखाली आणि त्याच पाण्याखालची जमीन दुसऱ्या, हे डोक्यात ठेवा, खाणकामाच्या प्रश्नात परत लागेल.

म्हणजे तिथे कायदाच नाही का?

आहे की. 1982 चा संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायदा करार, जो 1994 ला लागू झाला आणि भारत 1995 पासून त्यात आहे. त्याच्या कलम 87 मधे भर समुद्रातली स्वातंत्र्यं दिलीत, जहाज चालवा, मासे पकडा, केबल टाका, संशोधन करा. आणि कलम 192 म्हणतं की प्रत्येक देशाने समुद्री पर्यावरण जपलं पाहिजे. आता जपायचं म्हणजे कोणी, कुठे, किती, कोणाला विचारून, हे काही त्यात नीट लिहिलेलं नाही. गावच्या गायरानासारखं झालं, गुरं चारायचा हक्क सगळ्यांना, राखायची जबाबदारीसुद्धा सगळ्यांनाच, म्हणजे प्रत्यक्षात कुणालाच नाही.

मधल्या काळात तुकड्यातुकड्याने कायदे आले. मैलोन्‌मैल लांब वाहत्या जाळ्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1992 अखेरपासून बंदी मागितली, आणि 1995 मधे हद्दी ओलांडणाऱ्या माशांसाठी वेगळा करार झाला. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर बंदी त्याच्या आधीची, 1982 ला ठरली आणि 1986 च्या सुमाराला लागू झाली. प्रत्येकाने आपापला एक प्राणी किंवा एक धंदा उचलला, अख्ख्या जागेकडे बघणारं कुणी नव्हतं.

भर समुद्रात कुणी चोरून मासेमारी केली तर पकडणार कोण?

इथेच खरी गोची आहे. भर समुद्रात जहाजावर हुकूम चालतो तो फक्त ज्या देशाचा झेंडा लावलाय त्या देशाचा. आणि झेंडा विकत मिळतो. मालक एका देशातला, कॅप्टन दुसऱ्या, खलाशी तिसऱ्या, आणि झेंडा अशा देशाचा ज्याला फी मिळाली की बाकी काही पडलेलं नसतं.

थंडर नावाच्या जहाजाची केस बघा, एकदा वाचली की सगळा प्रश्न कळतो. अंटार्क्टिकाजवळ पॅटागोनियन टूथफिश हा महागडा मासा बेकायदा पकडणारं हे जहाज, नाव आणि झेंडा बदलत वर्षानुवर्षं चाललेलं, इंटरपोलने नोटीस काढलेली तरी चालूच. डिसेंबर 2014 मधे सी शेफर्ड या संस्थेच्या बॉब बार्कर जहाजाने त्याला गाठलं आणि पाठलाग सुरू केला, तो 110 दिवस चालला. मधेच नायजेरियाने आपला झेंडा काढून घेतला म्हणजे थंडर बिनदेशाचं झालं. शेवटी एप्रिल 2015 मधे ते साओ टोमेच्या हद्दीत बुडालं, बहुतेक मुद्दामच बुडवलं असं म्हणतात, आणि खलाशांना वाचवलं कोणी, तर पाठलाग करणाऱ्यांनीच. कॅप्टन आणि इतर दोघांना साओ टोमेच्या कोर्टाने शिक्षा दिली. आता गंमत बघा, एवढा पाठलाग कुठल्या सरकारने नाही केला, आणि खटला उभा राहिला कारण जहाज एका छोट्याशा देशाच्या हद्दीत जाऊन बुडालं. भर समुद्रात बुडालं असतं तर?

मग हा नवीन करार काय आहे? बातम्यांमधे हाय सीज ट्रीटी म्हणून येतो तो?

हो तोच. पूर्ण नाव लांबलचक आहे, राष्ट्रीय हद्दीपलीकडच्या जैवविविधतेचा करार वगैरे. चर्चेसाठी गट 2004 मधे नेमला, खरी वाटाघाट 2018 मधे सुरू झाली, मधे कोरोना, आणि 4 मार्च 2023 ला रात्री उशिरा न्यूयॉर्कमधे अध्यक्ष रेना ली (या सिंगापूरच्या) यांनी जाहीर केलं की जहाज किनाऱ्याला लागलं. मंजुरी 19 जून 2023 ला. लागू व्हायला 60 देशांनी रॅटिफाय करणं, म्हणजे सहीनंतर औपचारिक मान्यता देणं, गरजेचं होतं, पहिला नंबर पलाऊ या चिमुकल्या बेटदेशाचा, आणि 60 चा आकडा सप्टेंबर 2025 मधे पूर्ण झाला. त्यानंतर 120 दिवसांनी, म्हणजे 17 जानेवारी 2026 पासून करार लागू आहे.

त्यात आहे काय? सोप्या भाषेत सांगा

चार गोष्टी. भर समुद्रात संरक्षित क्षेत्रं करायची पद्धत, तिथे काही नवीन उद्योग करायच्या आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास, गरीब देशांना तंत्रज्ञान आणि प्रशिक्षण, आणि चौथी म्हणजे जनुकीय साधनसंपत्ती.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते चौथ्यावर. खोल समुद्रात उकळत्या पाण्याच्या झऱ्यांपाशी राहणारे जीवाणू, स्पंज, असले जीव औषधं आणि एन्झाइम बनवायला कामाला येऊ शकतात, आणि ते आणायला लागणारी जहाजं आणि पाणबुड्या आहेत मोजक्या श्रीमंत देशांकडे. विकसनशील देश म्हणत होते हा सगळ्या मानवजातीचा वारसा आहे, कमाईत वाटा द्या. समोरचे म्हणत होते समुद्र मोकळा आहे, जो आणेल त्याचं. शेवटी दोन्ही शब्द करारात आले, एक देवाणघेवाणीची व्यवस्था ठरली, कोणी काय गोळा केलं ते कळवायचं, आणि पैशाच्या वाट्याची पद्धत पुढच्या बैठकांवर ढकलली. मला विचाराल तर हा भाग कागदावर छान आहे, पैसा हातात पडायला खूप वेळ लागेल.

युद्धनौकांना करार लागू नाही. हे असल्या प्रत्येक करारात असतंच.

संरक्षित क्षेत्र ठरवणार कसं? एखादा देश आडवा पडला तर?

नवीन करारातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे असं माझं मत. आधी एकमताचा प्रयत्न, नाही झालं तर तीन चतुर्थांश मतांनी निर्णय. म्हणजे एकटा देश अख्खी प्रक्रिया अडवून धरू शकत नाही. ज्याला मान्य नाही त्याने 120 दिवसांत लेखी हरकत घ्यायची, पण कारण द्यावं लागतं, आणि ती हरकत तीन वर्षांनी परत नव्याने घ्यावी लागते. नुसतं नाही म्हणून झोपून जायची सोय नाही.

याची किंमत कळायला अंटार्क्टिकाकडे बघा. तिथे 1982 पासून एक आयोग आहे, मुख्यालय ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला, भारतसुद्धा सदस्य आहे. तिथे सगळं एकमताने चालतं. रॉस समुद्राचं संरक्षित क्षेत्र, 15 लाख 50 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट, त्यावर वर्षानुवर्षं बैठका झाल्या, चीन आणि रशिया शेवटी राजी झाले तेव्हा ऑक्टोबर 2016 ला मंजूर झालं आणि 1 डिसेंबर 2017 पासून लागू. तेही 35 वर्षांपुरतं. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव त्याच टेबलावर तसेच पडून राहिले, भारताने 2021 मधे त्यांना पाठिंबा दिला होता तरी.

मग जुनी प्रादेशिक मंडळं आता बंद होणार का?

नाही, उलट करारात स्पष्ट लिहिलंय की आधीपासूनच्या संस्थांच्या अधिकाराला धक्का लावायचा नाही. म्हणजे ट्यूनाचा कोटा ठरवायचा अधिकार ट्यूना आयोगाकडेच, जहाजांचे मार्ग ठरवायचा लंडनच्या सागरी संघटनेकडे, तळाच्या खाणींचा जमैकातल्या किंग्स्टनच्या प्राधिकरणाकडे. नवीन करार त्यांना शिफारस करू शकतो, सांगू शकतो, हुकूम देऊ शकत नाही.

यावर बरेच लोक नाराज आहेत, दात नसलेला करार वगैरे म्हणतात. मला तसं वाटत नाही. आजवर भर समुद्रात जे काही थोडंफार जपलं गेलंय ते कुठल्याही जागतिक सभेने नाही, शेजारच्या चार-पाच देशांनी एकत्र बसून जपलंय. फक्त त्यांची अडचण एकच, त्यांचा नियम त्यांच्या सदस्यांनाच बांधतो, बाहेरून आलेलं जहाज खुशाल येऊन मासे नेतं. नवीन कराराने ती फट बुजली तर मिळवली.

अशा शेजारी देशांच्या सहकार्याचं चांगलं उदाहरण सांगा ना

तीन सांगतो, तिन्ही वेगळ्या जातीची आहेत.

पहिलं भूमध्य समुद्रातलं पेलागोस. फ्रान्स, इटली आणि मोनॅको यांनी 1999 मधे करार करून देवमासे आणि डॉल्फिनसाठी साधारण 87,500 चौरस किलोमीटरचं अभयारण्य केलं, 2002 पासून लागू आहे. त्यावेळी त्यातलं बरंचसं पाणी भर समुद्रातलं होतं, तरी तिघांनी आपल्या आपल्या जहाजांना नियम लावले. जहाजांची धडक बसून देवमासे मरणं अजून थांबलेलं नाही, कारण तिथून प्रवासी फेरीबोटी आणि मालवाहू जहाजांची रीघ लागलेली असते.

दुसरं ईशान्य अटलांटिक. तिथे प्रदूषण आणि पर्यावरण बघणारं ऑस्पार नावाचं मंडळ, आणि मासेमारी बघणारं नीफॅक नावाचं दुसरं. ऑस्पारने 2010 मधे भर समुद्रात सहा संरक्षित क्षेत्रं जाहीर केली, जगात असं जाळं पहिल्यांदाच झालं. पण ऑस्पारला मासेमारी थांबवायचा अधिकारच नाही! तो नीफॅकला, आणि तिथे रशिया सदस्य आहे जो ऑस्पारमधे नाही. मग 2014 मधे दोघांनी एक समझोता केला की निदान एकमेकांना माहिती देऊ, एकाच नकाशावर काम करू. ऐकायला अगदी साधं वाटतं, पण एकाच पाण्यावर बसलेल्या दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं हीच मोठी गोष्ट होती. 2021 मधे ऑस्पारने फक्त समुद्री पक्ष्यांसाठी आणखी एक मोठं क्षेत्र केलं, जवळपास 6 लाख चौरस किलोमीटरचं, लाखो पक्षी तिथे खायला येतात, काही तर दक्षिण गोलार्धातून.

तिसरं सरगॅसो समुद्र, आणि हे माझं आवडतं. अटलांटिकच्या मधोमध, चारी बाजूंनी सागरी प्रवाहांनी वेढलेला, किनारा नसलेला समुद्र. वर तरंगणारं सोनेरी शेवाळ, त्याच्यात कासवांची पिल्लं, लहान मासे, खेकडे. युरोप आणि अमेरिकेतल्या नद्यांमधले ईल, म्हणजे आपल्या वामसारखे लांबोळके मासे, अंडी घालायला हजारो किलोमीटर पोहत इथे येतात, आणि गंमत म्हणजे त्यांना इथे अंडी घालताना आजवर कुणी बघितलेलं नाही. आता युरोपियन ईल नामशेष व्हायच्या अगदी काठावर आहे. फ्रान्स किंवा स्पेनने आपल्या नदीत कितीही जपलं तरी त्याची पैदास होते कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या पाण्यात. म्हणून 11 मार्च 2014 ला बर्म्युडातल्या हॅमिल्टन शहरात पाच सरकारांनी एक जाहीरनामा केला आणि सरगॅसो समुद्र आयोग नेमला. या आयोगाला अधिकार शून्य! तो काय करतो, तर बाकीच्या अधिकारवाल्या मंडळांच्या बैठकांना जातो, अभ्यास मांडतो, मागे लागतो. त्या भागातल्या काही समुद्री डोंगरांवर तळाची मासेमारी वायव्य अटलांटिकच्या मासेमारी मंडळाने बंद ठेवलीय. आता नवीन कराराखाली पहिल्या संरक्षित क्षेत्रांच्या यादीत सरगॅसोचं नाव सतत घेतलं जातंय.

आपल्या हिंदी महासागराचं काय?

ट्यूनासाठी आयोग आहे, हिंदी महासागर ट्यूना आयोग, सेशेल्सच्या व्हिक्टोरिया शहरात, भारत सदस्य. म्हणजे कुपा, सुरमई, तलवार मासा असल्या माशांचा हिशोब तिथे होतो. दक्षिणेकडे बाकीच्या माशांसाठी सिओफा नावाचं दुसरं मंडळ आहे, 2012 पासून, त्यांनी 2018 मधे समुद्राखालच्या पाच डोंगर-उथळ भागांना तात्पुरतं संरक्षण दिलं. मॉरिशस आणि सेशेल्सच्या मधला साया डी माल्हा नावाचा समुद्राखालचा उथळ पट्टा, जिथे भर समुद्रात समुद्री गवताची कुरणं पसरलीत, तिथला तळ त्या दोघांनी मिळून सांभाळायचा ठरवलंय, वरचं पाणी मात्र सगळ्यांचं.

आणि उत्तर अरबी समुद्र? तिथे भोक आहे. ट्यूना आयोग फक्त ट्यूनासारख्या माशांचं बघतो, सिओफाची हद्द तिथपर्यंत येत नाही. म्हणजे म्हाकूळ, ज्याला हॉटेलवाले स्क्विड म्हणतात, तो भर समुद्रात कुणी किती पकडायचा यावर कुठलाच नियम नाही. 2015 नंतर तिथे रात्रभर प्रखर दिवे लावून म्हाकूळ पकडणारी परदेशी, मुख्यतः चिनी, जहाजं झपाट्याने वाढली, उपग्रहातून ते दिवे दिसतात. ती बेकायदा नाहीत, कारण मोडायला कायदाच नाही.

2019 मधे दाभोळला चिनी जहाजं आली होती ती हीच का?

जून 2019 मधे वायू चक्रीवादळाच्या वेळी दहा चिनी मासेमारी जहाजांनी दाभोळ बंदरात आसरा घेतला, तटरक्षक दलाच्या परवानगीने. ती नक्की काय पकडत होती त्यावरून किनाऱ्यावर खूप चर्चा झाली. वादळात आसरा मागायचा हक्क कुठल्याही जहाजाला आहे आणि तो द्यायलाच पाहिजे, त्यात वावगं काही नाही. पण तेवढ्यामुळे कोकणातल्या लोकांना कळलं की आपण पावसाळी बंदीत होड्या वर ओढून बसलेलो असताना हद्दीच्या पलीकडे हंगाम चालूच असतो.

करार झाल्याने आमच्या मासेमारीवर बंदी येणार का? मच्छीमार सोसायटीत अशी अफवा आहे

नाही. हा करार 200 सागरी मैलांच्या पलीकडचा आहे, आपले बहुतेक ट्रॉलर, पर्ससीन, गिलनेटवाले तिथे जातच नाहीत. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूरच्या लाँगलाइन बोटी मात्र अरबी समुद्रात फार लांबपर्यंत जातात, मोरी आणि कुप्यासाठी, त्यांच्यासारख्यांना पुढे कुठलं क्षेत्र जाहीर झालं तर माहिती वेळेवर मिळायला पाहिजे, आणि तमिळमधे आणि मल्याळममधे मिळायला पाहिजे. हे काम दिल्लीचं आहे आणि त्यात दिल्लीचा इतिहास फार चांगला नाही.

भारत या करारात आहे का?

मंत्रिमंडळाने जुलै 2024 मधे मंजुरी दिली आणि 25 सप्टेंबर 2024 ला न्यूयॉर्कला सही झाली. काम पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे. सही म्हणजे बांधील नाही हे लक्षात ठेवा, बांधील होतो रॅटिफाय केल्यावर. अमेरिकेने 2023 मधेच सही केली, आणि अमेरिका तर 1982 च्या मूळ करारातसुद्धा नाही.

समुद्राच्या तळाच्या खाणी या करारामुळे थांबतील का?

थांबणार नाहीत. हद्दीपलीकडचा तळ हा मानवजातीचा सामायिक वारसा, त्याचा कारभार किंग्स्टनचं प्राधिकरण बघतं. यात भारत बघ्याच्या भूमिकेत नाही, चांगलाच गुंतलेला आहे. गोव्यातल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गवेषणी जहाजाने 26 जानेवारी 1981 ला खोल समुद्रातून धातूचे गोळे वर काढले, आणि आज मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटरवर शोध घ्यायचा भारताकडे करार आहे. म्हणजे एका हाताने जैवविविधतेच्या करारावर सही आणि दुसऱ्या हाताने तळाच्या धातूवर डोळा. यात दांभिकपणा आहे असं मी म्हणणार नाही, बऱ्याच देशांचं असंच आहे, पण दोन्ही फायली एकाच मंत्रालयात आहेत एवढं बघून ठेवा.

कासवं, देवमासे यांना हद्दी कुठे कळतात? त्यांच्यासाठी काही आहे का?

स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसाठी 1979 चा बॉनचा करार आहे, त्याची 2020 ची परिषद आपल्या गांधीनगरला झाली. हिंदी महासागरातल्या कासवांसाठी त्याच्याखाली वेगळा समझोता आहे, भारत त्यात आहे. कोकणात 2022 पासून वेळास, आंजर्ले, गुहागरच्या ऑलिव्ह रिडले माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले, प्रथमा, सावनी, वनश्री अशी नावं देऊन, त्यानंतर लावलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

त्याहून भारी गोष्ट लुबानची. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे जगातल्या बाकीच्या हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथेच असतात, आणि ओमानच्या बाजूला शंभराच्या आत उरलेत असा अंदाज आहे. लुबान या मादीला ओमानमधे टॅग लावला होता, ती 2017 च्या शेवटी अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि खाली दक्षिणेपर्यंत गेली. त्याआधी ओमानचे अभ्यासक ओमानपुरतं बघत होते, आपले लोक आपल्या किनाऱ्यापुरतं. मधल्या पट्ट्यात तिने काय खाल्लं, कुठल्या जाळ्यांमधून आणि जहाजांमधून वाट काढली, त्या पट्ट्याचा जबाबदार अधिकारी कोणीच नाही.

मग अरबी समुद्रातलं ते भोक नवीन कराराने बुजेल का?

आपोआप नाही. तिथे संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव कुणीतरी सदस्य देशाने मांडायला पाहिजे, आणि म्हाकळाच्या कोट्यासाठी वेगळं मासेमारी मंडळ लागेलच. करारात असं कलम आहे की गरज असेल तिथे नवीन मंडळं उभी करायला देशांनी सहकार्य करावं. म्हणजे भारत, ओमान, पाकिस्तान, येमेन, इराण यांना एका टेबलावर बसवायचं. हसू येतंय ना? पण ट्यूना आयोगात यातले बरेच जण आधीपासून एकत्र बसतातच, माशांच्या आकड्यांवरून तासन्‌तास भांडतात आणि दरवर्षी ठराव करून उठतात.

पुढे काय बघायचं? कधी कळेल काही होतंय की नाही?

करार लागू झाल्यापासून वर्षभरात सदस्य देशांची पहिली परिषद घ्यायची आहे. सचिवालय कुठे, यासाठी चिलीने व्हालपरायसो आणि बेल्जियमने ब्रुसेल्स पुढे केलंय. हे सगळं ठरेल, समित्या होतील, नियमांच्या चर्चा होतील, तो कंटाळवाणा भाग आहे. खरी परीक्षा पहिल्या प्रस्तावाची. चिली आपल्या पश्चिमेच्या सालास इ गोमेझ आणि नाझ्का या समुद्री डोंगररांगांसाठी बराच काळ तयारी करतंय. तो प्रस्ताव आला की दोन गोष्टी बघा, किती देश हरकत घेतात, आणि त्याच भागातलं मासेमारी मंडळ आपल्या बोटींना तिथे थांबवतं की नाही.

मधल्या काळात बेकायदा जहाजांना काहीच धाक नाही का?

थोडा आहे, आणि तो समुद्रात नाही, बंदरात आहे. 2009 चा बंदरांचा करार 2016 पासून लागू आहे, संशयित बोटीला बंदरात माल उतरवू द्यायचा नाही. भर समुद्रात कोणी कितीही पकडलं तरी मासा शेवटी कुठेतरी उतरवावा लागतो, बर्फ आणि डिझेल घ्यावं लागतं. बोटींचे एआयएस सिग्नल, म्हणजे बोट कुठे आहे ते सांगणारे रेडिओ संदेश, बघून कोण कुठे किती वेळ थांबलं हे आता कुणीही कॉम्प्युटरवर बघू शकतं. सिग्नल बंद करणारेही आहेत, पण ऐन हंगामात सिग्नल बंद झाला की तोच पुरावा म्हणून बंदरातले अधिकारी विचारायला लागलेत.

एक टक्का संरक्षित आहे म्हणतात ते खरं का?

भर समुद्रापुरतं साधारण एवढंच, जेमतेम. आणि 2022 डिसेंबरच्या माँट्रियलच्या परिषदेत जगाने 2030 पर्यंत 30 टक्के जमीन आणि समुद्र जपायचं ठरवलंय. भर समुद्र सोडून हा आकडा गाठणं जवळजवळ अशक्य आहे. 2030 पर्यंत होईल असं मला वाटत नाही, पण तीन चतुर्थांश मतांची सोय आल्याने निदान पहिलं क्षेत्र रॉस समुद्रापेक्षा कमी वेळात होईल यावर पैज लावायला मी तयार आहे.